नडीचे चलन : जर्मन गावांच्या चित्रमय नोटांविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने जर्मनीतील जुन्या नोटांचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे, आणि नाणकशास्त्रज्ञ म्हणविण्याचा अधिकारही मला नाही. परंतु गेली काही दशके पत्त्याच्या पानाएवढ्या या रंगीत कागदांनी मला आपल्या नादी लावले आहे. त्यांतील काही सभागृहाबाहेर काचेच्या पेटीत मांडले आहेत. येताना आपण ते पाहिले असतील. जाताना पुन्हा एकदा पाहावेत, एवढ्यासाठीच हे विवेचन आहे.

आरंभ शब्दापासून करतो. भाषेच्या अध्यापकाची ती खोडच असते. या चलनाला जर्मन भाषेत 'नोटगेल्ट' म्हणतात. मराठी कानाला यात कागदी 'नोट' ऐकू येते, पण तो भास आहे. जर्मन 'नोट' म्हणजे निकड, टंचाई, विपत्ती. 'गेल्ट' म्हणजे पैसा. आपल्याकडे याला 'आणीबाणीचे चलन' असे म्हणता येईल, परंतु तो शब्द सरकारी वळणाचा आहे आणि १९७५ नंतर त्याला निराळाच अर्थ चिकटला आहे. मला आपला जुना घरगुती शब्द अधिक जवळचा वाटतो : नड. नडअडचणीला उपयोगी पडते ते नडीचे चलन. उच्चारातही 'नोट' आणि 'नड' शेजारी बसतात. हा निव्वळ योगायोग आहे, व्युत्पत्तीशी त्याचा संबंध नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी त्यावर प्रबंध लिहील.

नड कशाची होती? प्रथम ती खुर्द्याची होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीने कागदी मार्कच्या बदल्यात सोने देणे थांबविले. असे झाले की सामान्य माणूस काय करतो, हे जगात सर्वत्र सारखेच आहे. तो कागद खर्च करतो आणि धातू दडवून ठेवतो. चांदीची नाणी गाद्यांत आणि मडक्यांत गेली. नोटा होत्या, पण मोड नव्हती. पाव घेणाऱ्याजवळ नोट आणि पाववाल्याजवळ चिल्लर नाही, मजुराला आठवड्याचा पगार द्यायचा तर सुटे नाहीत, अशी अवस्था झाल्यावर काही नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी आपल्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या : ही चिठ्ठी आणणाऱ्यास अमुक इतके देऊ. खाली शिक्का आणि सही. पहिल्या चिठ्ठ्यांत शोभेचे काही नव्हते.

पुढे युद्धाने तांबे आणि निकेलही गिळले. नाण्यांचा धातू दारूगोळ्याकडे वळला आणि जस्ताची, लोखंडाची नाणी आली. १९१८ च्या शरदात तर छोट्याच नव्हे, मोठ्या नोटाही पुरेनात, तेव्हा मध्यवर्ती बँकेच्या संमतीने शहरांनी पाच, दहा, वीस, पन्नास मार्कांच्या नोटा छापल्या. ज्या अधिकारावर राजसत्तेचा शिक्का असावयाचा, तो अशा रीतीने गावच्या महापौराच्या हाती आला.

हा अनुभव केवळ जर्मनांचा होता असे मात्र समजू नये. त्याच महायुद्धात चांदी महागली म्हणून हिंदुस्थान सरकारला ३० नोव्हेंबर १९१७ या तारखेची एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, नोटही आली. दुसऱ्या महायुद्धात काठियावाड-राजपुतान्यातील काही संस्थानांनी पैशा-आण्याची पुठ्ठ्याची कुपने काढली, आणि तांबे वाचावे म्हणून ब्रिटिश सरकारने पैशाच्या मध्यभागी भोक पाडले. तो भोकाचा पैसा माझ्या पिढीने लहानपणी करगोट्यात ओवलेला पाहिला आहे. पुढेही सुट्या पैशांऐवजी दुकानदाराने हातावर गोळ्या ठेवाव्यात, हा प्रकार आपण सर्वांनी अनुभवला आहे. त्या गोळ्या म्हणजे आपले नडीचे चलनच. फरक एवढाच की ते आपण घरी पोहोचण्यापूर्वी खाऊन टाकीत होतो.

जर्मनांनी ते जपून ठेवले, आणि येथूनच आपल्या विषयाला खरा रंग चढतो.

युद्ध संपले तरी चिल्लर परत आली नाही. दरम्यान काही गावांनी आपल्या चिठ्ठीवर वेशीचे, देवळाच्या मनोऱ्याचे किंवा नगरचिन्हाचे चित्र छापले होते, आणि लोक त्या नोटा खर्च न करता जपून ठेवू लागले होते. ही गोष्ट चाणाक्ष नगरपालिकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. हिशोब सोपा आहे. पन्नास फेनिगची नोट छापायला काही फेनिग लागतात. ती कोणी पन्नास फेनिगला घेतली आणि वटवायला परत आणलीच नाही, तर उरलेले सारे गावाचे उत्पन्न. करही नाही, कर्जही नाही. मग १९२० ते १९२२ या काळात चित्रमालिकांची लाटच उसळली. एकाच गावाच्या सहा, आठ, दहा नोटा. प्रत्येकीवर एका कथेचा पुढचा प्रसंग. साऱ्या एकत्र लिफाफ्यात घालून विक्रीस. संग्राहकांसाठी नियतकालिके निघाली, विनिमयाचे मेळावे भरू लागले. काही नोटांची मुदत त्या लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच संपलेली असे! जे कधीच चलन नव्हते, असे हे चलन. ऑस्ट्रियातील खेडीही १९२० मध्ये या मार्गाने गेली. तेथे एकेका लहानशा गावाने हेलरच्या नोटा काढल्या.

याला फसवणूक म्हणावे काय? कठोर अर्थशास्त्रज्ञ म्हणेल. मला तसे वाटत नाही. घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे ठाऊक होते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. हरलेल्या, उपाशी, कर्जात बुडालेल्या देशातील एका लहान गावाला तळहाताएवढा कागद दिला आणि सांगितले, 'यावर तुझ्याविषयी काहीही छाप'; तर ते गाव काय छापते?

हामेल्न या गावाने उंदीर पकडणारा बासरीवाला छापला. १२८४ साली त्याने गावातील मुले नेली, ही कथा आपण इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातून वाचलेली आहे. बोडेनव्हेर्डरने आपला थापाड्या सरदार म्युन्शहाउझेन छापला. लूथर वार्टबुर्गच्या गढीत राहिला त्या घटनेस १९२१ मध्ये चारशे वर्षे झाली. आयझेनाखने त्याला नोटांवर आणले. व्हायमारजवळ तर गटे आणि शिलर होतेच. बीलेफेल्ड हे तागाच्या विणकामाचे शहर; तेथील नगर बचत बँकेने कागद बाजूला ठेवून रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा छापल्या, आणि देशोदेशींच्या संग्राहकांनी त्या उचलल्या. ओस्टरव्हीकने कातड्यावर छापल्या. माइसेनच्या चिनीमातीच्या कारखान्याने १९२०-२१ मध्ये तांबूस तपकिरी मातीची नाणी भाजून काढली. या मातीला ब्योटगर याचे नाव आहे. हा ब्योटगर मूळचा किमयागार. सोने करून दाखव म्हणून सॅक्सनीच्या राजाने त्याला डांबून ठेवले होते. त्याच्या हातून सोने झाले नाही, पण चिनीमातीची युक्ती सापडली. दोनशे वर्षांनी राज्याच्या तिजोरीतले सोने संपले तेव्हा त्याच्याच मातीचे नाणे झाले. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

भाषेच्या माणसाला सर्वांत गोड वाटावी अशी मालिका मेक्लेनबुर्गची आहे. तेथील सुमारे सत्तर गावांनी मिळून ठरविले की आपण सर्वांनी आपला लेखक फ्रिट्झ रॉयटर याच्या नावाने नोटा काढावयाच्या. प्रत्येक गावाच्या तीन : दहा, पंचवीस आणि पन्नास फेनिगच्या. रॉयटर (१८१०-१८७४) हा प्रमाण जर्मनमध्ये नव्हे, उत्तरेकडील 'प्लाट' बोलीत लिहिणारा. विद्यार्थिदशेत राजकीय चळवळीपायी त्याला देहान्ताची शिक्षा झाली, ती तीस वर्षांच्या किल्लेकैदेत बदलली गेली, आणि १८४० मध्ये तो सुटला. ज्या बोलीला शाळेत स्थान नव्हते, ती बोली सत्तर गावांनी पैशावर छापली. आपल्या मालवणीत, कोकणीत किंवा चंदगडी बोलीत छापलेली नोट डोळ्यांपुढे आणून पाहा, म्हणजे त्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना येईल.

आता मी ज्या नोटांपाशी अधिक वेळ थांबणार आहे, त्या श्लेस्विगच्या. आपल्या बेळगावच्या श्रोत्यांना त्या समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधील हा सीमाप्रदेश. १८६४ च्या युद्धानंतर तो डेन्मार्कच्या हातून गेला, आणि व्हर्सायच्या तहाप्रमाणे १९२० मध्ये तेथे सार्वमत घेण्यात आले. प्रदेशाचे दोन विभाग केले. उत्तरेच्या विभागात १० फेब्रुवारीस मतदान झाले आणि सुमारे पंचाहत्तर टक्के मते डेन्मार्ककडे गेली. दक्षिणेच्या विभागात १४ मार्चला झाले आणि सुमारे ऐंशी टक्के मते जर्मनीकडे गेली. येथवर सारे सरळ दिसते. पण नियमांत एक मेख होती. उत्तर विभागाचे मत एकगठ्ठा मोजावयाचे होते, दक्षिणेचे मात्र गावागणिक. परिणाम असा झाला की टोंडर्न, झोंडरबुर्ग, आपेनराडे या उत्तरेतील शहरांत जर्मन बाजूस बहुमत असूनही ती डेन्मार्कमध्ये गेली. खेडे हा घटक मानावा की सबंध विभाग, हा वाद या गावात कोणाला सांगावयाचा? आपल्यापैकी कित्येकांचे तारुण्य त्यात गेले. कोणाचे म्हणणे न्याय्य होते, याचा निवाडा मी येथे करीत नाही. डॅनिश माणूस म्हणेल की छप्पन्न वर्षांच्या जर्मन अमलाने शहरांची भाषा बदलली, मग त्या शहरांचे बहुमत तेवढे प्रमाण का मानावे? तेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

या भागातील गावांच्या नोटांवर हे सार्वमत आले. श्लेस्विगचे दोन सिंह, होल्श्टाइनचे खाजकुइलीसारखे पान, आणि 'सदैव अविभक्त' या अर्थाचे प्लाट बोलीतील जुने ब्रीद. ब्रीदाचा उगम १४६० मधील करारात आहे आणि त्याचा मूळ संबंध सरदारांच्या हक्कांशी होता, परंतु पुढील शतकांनी त्याची घोषणा केली. ज्या वर्षी प्रदेशाची विभागणी झाली, त्याच सुमारास 'अविभक्त' हा शब्द फेनिगच्या नोटेवर दुकानादुकानांतून फिरत होता. त्या नोटा हातात घेतल्या की मी इतिहासाचा तटस्थ वाचक राहत नाही, हे कबूल केले पाहिजे. सीमेचा प्रश्न कागदोपत्री सुटतो आणि गल्लाच्या पेटीत शिल्लक राहतो. गेलेल्या आफ्रिकी वसाहतींच्या स्मरणार्थही तेव्हा नोटा निघाल्या. त्या पाहताना मात्र माझी सहानुभूती जागी होत नाही. वसाहतीतील माणसांना कोणी सार्वमत विचारले नव्हते.

१७ जुलै १९२२ च्या कायद्याने या नोटांवर बंदी आली, आणि चित्रांची हौस संपली. पण नड संपली नव्हती. आता ती निराळ्या रूपाने आली. युद्धाचा खर्च करांतून नव्हे तर कर्जांतून केला होता, वर नुकसानभरपाईचे ओझे होते. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याने रूर खोरे व्यापले. तेथील संपकरी कामगारांना सरकार नोटा छापून वेतन देऊ लागले. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जुलै १९२३ मध्ये सरासरी साडेतीन लाख पडू लागले, आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. बंदी मागे पडली. शहरे, कारखाने, रेल्वे सारेच पुन्हा नोटा छापू लागले. आता त्यांवर बासरीवाला नव्हता, कित्येकदा मागची बाजूही कोरीच असे. शाई वाळेपर्यंत किंमत उतरावयाची, तर चित्र काढतो कोण?

या आकड्यांची नावे घेताना आपली भाषा तोकडी पडत नाही, ही एक गमतीची गोष्ट. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) संख्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत लाख कोटीला महापद्म म्हटले आहे आणि कोटी कोटीला जलधि. म्हणजे २० नोव्हेंबर १९२३ रोजी डॉलरला चार महापद्मांहून अधिक मार्क पडत होते. आणि जर्मन मध्यवर्ती बँकेने काढलेली सर्वांत मोठी नोट बरोबर एक जलधि मार्कांची होती. भास्कराचार्यांना हे शब्द गणितासाठी हवे होते. पावाच्या दुकानात ते लागतील असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

या काळातील नोटांपैकी एक गट मात्र डोळ्यांत भरतो. थुरिंगिया राज्याच्या बँकेला दहा लाख, वीस लाख आणि त्यांहून मोठ्या रकमांच्या नोटा तातडीने हव्या होत्या. व्हायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतील हेर्बेर्ट बायर या विद्यार्थ्याने त्या आखून दिल्या. वेलबुट्टी नाही, गॉथिक वळणाची अक्षरे नाहीत. ठसठशीत साधी अक्षरे, जाड रेघा आणि आकडा. गॉथिक जाऊन साधे अक्षर येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मोडीची दप्तरे आहेत त्यांना कळेल. नातू देखणे अक्षर वाचतो आणि आजोबांचे पत्र वाचू शकत नाही.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले आणि एक रेंटेनमार्क म्हणजे एक महापद्म जुने मार्क असा हिशोब ठरला. बारा शून्ये खोडली गेली. त्या शून्यांबरोबर शिक्षकांची, विधवांची, निवृत्तांची आयुष्यभराची शिल्लकही खोडली गेली. ज्याने दहा हजार मार्क साठविले होते, त्याला त्यात साध्या पत्राचे तिकीटही येईना. ज्यांनी देशभक्तीने युद्धकर्जाचे रोखे घेतले होते, त्यांची गत तीच. या रद्दी झालेल्या नोटांच्या पाठीवर हिटलरच्या पक्षाने पुढे ज्यूविरोधी मजकूर आणि विडंबनचित्रे छापून वाटली. फुकटचा कागद, आणि ज्याच्या हाती पडेल त्याची जखम ओली.

तथापि हे विष १९२३ नंतरच शिरले असे समजणे चुकीचे ठरेल. आणि येथे मला स्वतःविषयी थोडे बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी याच शाळेत मुलांसाठी मी या नोटा मांडल्या होत्या. मुले खूश झाली. सर्वांना आवडली ती नाउम्बुर्गची मालिका. काळ्या छायाकृतींची ही चित्रे वाल्टर हेगे यांनी काढली. पुढे ते छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले. कथा अशी : १४३२ साली हुसाइट सैन्याने गावाला वेढा दिला, गावाने आपली मुले पांढरे सदरे घालून शत्रूकडे पाठविली, सेनापतीचे मन द्रवले, त्याने मुलांना चेरी दिल्या आणि वेढा उठविला. तेथे अजून त्याचा उत्सव होतो. इतिहासकार सांगतात की असा वेढा कधी पडलाच नव्हता.

त्या दिवशी माझ्या संग्रहातील एक नोट मी घरीच ठेवली होती. ती मेक्लेनबुर्गमधील श्टेर्नबेर्ग या गावची. तिच्यावरही गावाची जुनी गोष्ट आहे. ख्रिस्ती प्रसादाच्या पवित्र रोटीची विटंबना केली, असा आरोप ठेवून १४९२ साली तेथे सत्तावीस ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. आरोप खोटा होता. अशा आरोपांनी युरोपात कित्येक ठिकाणी ज्यूंची कत्तल झालेली आहे. श्टेर्नबेर्गची ही घटना मात्र खरी. सव्वाचारशे वर्षांनंतर गावाला आपल्याविषयी काहीतरी छापण्याची संधी मिळाली, तेव्हा त्याने हे छापले, इतर गावांनी मनोरे आणि बासरीवाले छापले तितक्याच सहजपणे. त्याच प्रांतातील सत्तर गावे त्याच सुमारास रॉयटरची बोली नोटांवर आणीत होती. लिफाफ्यातून नोटा विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी या नोटेपाशी थांबून काही विचार केला असेल? वहीत ती इतर चित्रांशेजारी चिकटविली गेली, एवढे खरे.

मुले लहान आहेत, असे कारण मी तेव्हा शिक्षकांना दिले होते. ते पूर्ण खरे नव्हते. आठवी-नववीच्या मुलांना याहून भयंकर गोष्टी वर्तमानपत्रांतून ठाऊक असतात. खरे कारण हे की माझ्या देखण्या संग्रहाला डाग लागू नये, असे मला वाटत होते. नाउम्बुर्गची खोटी पण गोड गोष्ट मी मुलांना दाखविली आणि श्टेर्नबेर्गची खरी गोष्ट लपविली. इतिहासाच्या बाबतीत हा अपराध आपण सारेच अधूनमधून करतो, पण मी तो शाळेत केला, आणि हातात पुरावा असताना केला.

या नोटांचे संग्राहक आजही जगभर आहेत. बर्लिनचे आर्नोल्ड केलर यांनी आयुष्य वेचून त्यांच्या सूच्या तयार केल्या, आणि त्यांचा प्रचंड संग्रह पुढे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे गेला. त्या सूच्यांत चांगले-वाईट असा भेद नाही. गाव, तारीख, रक्कम, रंग, एवढेच. पूर्वी मला ती कोरडी यादी वाटे. आता तिचा मला आधार वाटतो.

आज बाहेरच्या पेटीत ती नोट आहे. दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथी, नाउम्बुर्गच्या शेजारी. खाली मराठीत चार ओळींची चिठ्ठी मी स्वतः लिहून लावली आहे. अक्षर म्हातारपणाचे आहे, तेव्हा चष्मा लावून वाचावे. पेटी शनिवारपर्यंत शाळेतच राहणार असून मुख्याध्यापकांनी आठवी ते दहावीच्या वर्गांना ती दाखविण्याचे मान्य केले आहे.